टंचाईच्या पोटी काय जन्माला आलं?

परदेशात कुठे लढाई पेटली, जहाजं अडली आणि कच्च्या मालाचे भाव चढले की शेतकऱ्यांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. गेल्या हंगामात आमच्या भागातल्या द्राक्ष बागाईतदारांच्या मेळाव्यातही ते ऐकलं. औषधांचे दर कसे वाढले, दुकानातून रिकाम्या हाती कसं परतावं लागलं, यावर लोक पोटतिडकीने बोलत होते. व्यासपीठावरून त्यांना धीर देण्यात आला तो असा : दुसऱ्या महायुद्धातही अशीच टंचाई पडली होती, त्या टंचाईनंच डीडीटी दिलं, बीएचसी दिलं, आजच्या फवारणीचा पाया घातला. गरज ही शोधाची जननी असते, तेव्हा आताही काहीतरी नवं निघेलच. टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, टाळी वाजवली नाही.

मीही वाजवली नाही. हा धीर इतिहासाला धरून नाही आणि शेतकऱ्याच्या हिताचाही नाही. युद्धातल्या टंचाईने शोध लावले नाहीत. आधी लागलेल्या शोधांतून घाईघाईने निवड करायला लावली आणि त्या निवडीबद्दल प्रश्न विचारायची सवड काढून घेतली. त्या घाईची किंमत ज्यांनी मोजली आणि अजून मोजताहेत, त्यांत आपल्या शिवारातली माणसं आहेत. म्हणून हा प्रतिवाद.

सुरुवात आपल्या ओळखीच्या औषधापासून करू. मोरचूद आणि कळीचा चुना यांचं बोर्डो मिश्रण कोणत्या टंचाईतून आलं? फ्रान्समधल्या बोर्डोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं निळसर पाणी शिंपडायची पद्धत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याने घड तोडू नयेत, एवढाच हेतू. १८८२ साली प्राध्यापक मियार्दे यांच्या लक्षात आलं की आतल्या वेली डाऊनी रोगाने झडल्या आहेत आणि रस्त्याकडेच्या या निळ्या वेलींची पानं शाबूत आहेत. त्यांनी प्रमाणं बदलून प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. डाऊनीचा त्रास मोठा होता, म्हणजे गरज होती. पण तांबं मुबलक होतं, देशात शांतता होती आणि एका माणसाला तीन वर्षं एकाच गोष्टीकडे बघत बसायची मुभा होती.

गरज आणि टंचाई यांत आपण गल्लत करतो ती इथेच. गरज माणसाला शोधायला लावते. टंचाई म्हणजे गरज आहे, साधन हातातून गेलं आहे आणि वेळही नाही अशी अवस्था. त्या अवस्थेत काय होतं, हे त्याच बोर्डो मिश्रणाने पुढे दाखवून दिलं.

पहिल्या महायुद्धात जर्मनीचं तांबं तोफगोळ्यांकडे वळलं. बटाट्यावर फवारायला मोरचूद उरलं नाही. १९१६ चा उन्हाळा पावसाळी आणि थंड गेला, बटाट्यावर उशिरा येणारा करपा पसरला आणि त्या वर्षीचं पीक आदल्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आलं. मजुरांची आणि खतांची ओढाताण होती, नाकेबंदी होती, ही कारणंही त्यात होतीच. पण करप्यावरचा उपाय तीस वर्षांपासून माहीत असताना तो करता आला नाही, हेही तितकंच खरं. त्यानंतरचा हिवाळा जर्मनीत ‘सलगमचा हिवाळा’ म्हणून ओळखला जातो, कारण एरवी जनावरांपुढे टाकायचा कंद माणसांनी खाऊन तो काढला. हा देश साधासुधा नव्हता. हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवणारं, त्या काळातलं जगात सर्वांत पुढारलेलं रसायनशास्त्र त्याच्याकडे होतं. गरज शोधाची जननी असेल, तर यापेक्षा मोठी गरज कोणती? तरीही मोरचुदाची जागा घेणारं काही वेळेवर निघालं नाही.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सवर जर्मनांचा ताबा आला, तेव्हा तांबं पुन्हा लष्कराकडे गेलं. बोर्डो मिश्रणाच्या जन्मभूमीत मोरचूद मिळेनासं झालं. घरातली तांब्याची भांडी आणून द्या आणि त्या बदल्यात वाइन घ्या, असं आवाहन शहरांतल्या लोकांना करण्यात आलं. पर्याय म्हणून जे हाती लागलं ते म्हणजे घराघरातलं जुनं तांबं गोळा करणं.

आता ज्या औषधांची नावं मेळाव्यात घेतली गेली, त्यांच्या जन्मतारखा पाहू. डीडीटी हा पदार्थ पहिल्यांदा तयार झाला १८७४ मध्ये. ओथमार झाइडलर नावाच्या विद्यार्थ्याने तो स्ट्रासबर्गला बनवला आणि पुढे तो विसरला गेला. बीएचसी त्याहूनही जुनं, मायकेल फॅरेडेने १८२५ मध्ये बनवलेलं. डीडीटीचा कीटकनाशक गुण ज्यांना सापडला ते पाउल म्युलर स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या गायगी कंपनीत काम करत. त्यांनी स्पर्शाने कीटक मारणाऱ्या पदार्थाचा शोध १९३५ मध्ये सुरू केला, म्हणजे युद्धाच्या चार वर्षं आधी. एकामागून एक शेकडो पदार्थ तपासून टाकून दिल्यावर १९३९ च्या सप्टेंबरात तो हाती लागला. युद्ध त्याच महिन्यात सुरू झालं होतं. टंचाईचा चटका बसायच्या आतच शोध लागून गेला होता.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा बीएचसीचा आहे, आणि तो मी टाळणार नाही. इंग्लंडमध्ये सलगमच्या रोपांवरच्या पिसूभुंग्यांसाठी डेरिसची पावडर वापरत. ती मलायातल्या आणि डच ईस्ट इंडीजमधल्या एका वेलीच्या मुळांपासून बने. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि डेरिस आटलं. त्याच वर्षी आयसीआय कंपनीच्या जेलॉट्स हिल इथल्या केंद्रात पर्याय म्हणून बीएचसी तपासलं गेलं आणि ते चाललं. टंचाई नसती तर फॅरेडेची ती बाटली फडताळातून तेव्हा बाहेर निघाली नसती, हे मान्य.

पण ती बाहेर कशी निघाली, तेही बघा. बीएचसीमध्ये कीटक मारणारा घटक असतो शंभर किलोत साधारण दहा-पंधरा किलो. उरलेला माल किडीला मारत नाही, पण मातीत मात्र राहतो, आणि त्याचा कुबट वास बटाट्याच्या चवीत उतरतो. कामाचा घटक वेगळा काढणं महाग होतं, म्हणून आपल्या देशात आख्खं मिश्रणच वर्षानुवर्षं शेतात टाकलं गेलं. बीएचसी पावडरची पोती गावोगावच्या सोसायटीत रचलेली असायची आणि हाताने, उघड्या तोंडाने ती पिकावर धुरळली जायची. बंदी आली १९९७ मध्ये. युद्धातली दोन-तीन वर्षं निभावून न्यायला निवडलेला पर्याय पन्नास वर्षं मुक्काम ठोकून राहिला. टंचाईत घरात घेतलेला पाहुणा सुगीतही जात नाही, याचा हिशोब ती टाळी वाजवताना कोणी करत नाही.

याहून गंभीर गोष्ट दुसऱ्या बाजूला, जर्मनीत घडत होती. बाहेरून आणावी लागणारी कीटकनाशकं, विशेषतः तंबाखूचं निकोटीन, देशातच तयार होणाऱ्या रसायनांनी बदलायची तिथल्या राजवटीला घाई होती. लढाई अजून सुरू झाली नव्हती, पण तिची तयारी चालू होती. आयजी फार्बेनच्या लेव्हरकुसेन इथल्या प्रयोगशाळेत गेरहार्ड श्राडर हे काम करत होते. १९३६ च्या डिसेंबरात त्यांनी स्फुरदयुक्त असा एक पदार्थ बनवला, जो दोन लाख भाग पाण्यात एक भाग इतका पातळ करूनही मावा साफ मारत होता. पुढच्याच महिन्यात त्याचा अंश सांडला आणि श्राडर व त्यांचे सहायक यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, श्वास कोंडला. तो पदार्थ होता टाबुन, मज्जासंस्थेवर घाव घालणारा पहिला विषारी वायू. लष्करी उपयोगाचा शोध सरकारला कळवायचं कायद्याने बंधन होतं. तो लष्कराकडे गेला आणि सायलेशियातल्या एका कारखान्यात त्याचं हजारो टनांनी उत्पादन झालं.

म्हणजे माव्यावरच्या औषधाचा पर्याय शोधताना माणसांना मारायचं हत्यार हाती लागलं, आणि त्याच कुळातून शेतीची औषधं निघाली. १९४४ साली निकोटीनचा पर्याय म्हणून ‘ब्लादान’ बाजारात आलं. त्याच वर्षी श्राडर यांनी पॅराथिऑन बनवलं आणि प्रयोगशाळेच्या वहीत त्याला क्रमांक मिळाला ई ६०५. युद्ध संपल्यावर विजेत्या राष्ट्रांनी ही माहिती ताब्यात घेतली आणि पॅराथिऑन जगभर गेलं. आपल्याकडे ते आलं ते फॉलिडॉल या नावाने.

फॉलिडॉल म्हटलं की माझ्या पिढीला काय आठवतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. आमच्या गोठ्याच्या माळ्यावर एक तपकिरी बाटली असे. तिच्याकडे बोट दाखवलं तरी आजी ओरडायची. गावात कोणी जीव दिला की लोक हळू आवाजात म्हणत, फॉलिडॉल घेतलं. पुढे ब्रँड बदलले, बाटल्या बदलल्या, पण भाषा तीच राहिली. शेतात आपण औषध मारतो, आणि वर्तमानपत्रात बातमी येते की शेतकऱ्याने औषध प्यायलं. एकाच शब्दाने आपण बरं करणं आणि संपवणं दोन्ही सांगतो, आणि त्याचं आपल्याला आता काही वाटतही नाही.

१९५८ साली केरळात जहाजातून आलेल्या धान्यपिठाला हेच फॉलिडॉल लागलं होतं आणि शंभरावर माणसं दगावली. त्या दुर्घटनेच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. औषध देशात आधी आलं, कायदा दहा वर्षांनी, तोही प्रेतं मोजल्यावर. पॅराथिऑन गेलं, पण त्याच कुळातलं मोनोक्रोटोफॉस राहिलं. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या मध्यान्ह भोजनातून ते पोटात गेलं आणि २३ मुलं मेली. २०१७ मध्ये यवतमाळच्या कपाशीत पुरुषभर उंच पिकावर डोक्याच्याही वर नळी धरून वेगवेगळ्या औषधांची मिश्रणं फवारताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने आडवे झाले. त्या एका जिल्ह्यात वीस जणांच्या आसपास जीव गेले. मोनोक्रोटोफॉस त्या मिश्रणांतलं एक नाव होतं. लेव्हरकुसेनच्या वहीपासून यवतमाळच्या रुग्णालयापर्यंतची ही वाट सरळ नाही, मध्ये कंपन्या आहेत, सरकारं आहेत, स्वस्त पंप आणि न मिळालेले हातमोजे आहेत. पण ‘त्या टंचाईनेच आजची औषधं दिली’ असं अभिमानाने म्हणायचं असेल, तर ही वाटही त्याच वाक्यात मोजावी लागेल.

डीडीटीने माणसं वाचवली नाहीत का, असं कोणी विचारेल. वाचवली, आणि लाखांनी वाचवली. १९४३-४४ च्या हिवाळ्यात नेपल्समध्ये टायफसची साथ आवरली, त्यात डीडीटीचा वाटा होता. सुरुवातीच्या दिवसांत तिथे पायरेथ्रमची जुनी पावडरही वापरली गेली, एवढीच भर घालतो. आपल्या मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी युद्ध संपताच कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत घराघरांत डीडीटी फवारून हिवतापाला मागे रेटलं. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोक हिवतापाने आजारी पडत आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास आली. या कामाला मी नमस्कार करतो.

पण हाच पुरावा नीट वाचला तर तो माझ्या बाजूने बोलतो. घराच्या भिंतीवर मोजून, नोंद ठेवून फवारलेलं डीडीटी आणि कपाशीवर विमानाने ओतलेलं डीडीटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत १९४५ च्या ऑगस्टमध्ये ते सामान्य विक्रीला खुलं झालं तेव्हा शंका नव्हत्या असं नाही. मासे आणि पक्षी यांवरच्या चाचण्या सरकारी शास्त्रज्ञ तेव्हाच करत होते, आणि रेचल कार्सन यांनी त्याच जुलैत एका मोठ्या मासिकाला या विषयावर लेख सुचवला होता. मासिकाने नाकारला. त्यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ आलं १९६२ मध्ये. प्रश्न तोच होता, ऐकून घ्यायला सतरा वर्षं लागली. युद्धाने सवय लावली होती ती आधी वापरा, मग बघू अशी. शत्रू समोर असताना ती समजण्यासारखी होती. सवय युद्धाबरोबर संपली नाही, हा दोष.

त्या सतरा वर्षांत किडी थांबल्या नव्हत्या. युद्ध संपल्यावर वर्षभरातच युरोपातल्या घरमाश्या डीडीटीला जुमानेनाशा झाल्या. १९५९ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पंचमहालात हिवतापाच्या डासांत प्रतिकार आढळला. १९७६ साली देशात हिवतापाचे रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले.

शेतीतलं उदाहरण हवं असेल तर पेरू देशातल्या कान्येते खोऱ्यातल्या कपाशीचं घ्या; विदर्भातल्या कोणालाही ते आपल्याच गावचं वाटेल. १९४९ नंतर तिथल्या शेतकऱ्यांनी युद्धातून आलेली नवी औषधं उचलली, विमानाने फवारली, आडवी येणारी झाडंही तोडली. १९५० मध्ये हेक्टरी ४९४ किलो असलेलं उत्पादन १९५४ मध्ये ७२८ किलोवर गेलं. मग औषधं लागू पडेनाशी झाली, मित्रकीटक मेल्यामुळे आधी नगण्य असलेल्या किडी वर आल्या, आणि १९५६ मध्ये उत्पादन ३३२ किलोवर कोसळलं. खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी मग स्वतःच नियम करून ती औषधं बंद केली, मित्रकीटक परत आणले, पेरणीच्या आणि काढणीच्या तारखा बांधून घेतल्या. पीक सावरलं. खिशाला चटका बसल्यावर त्यांनी जे केलं, ते आधी करायला कोणाची हरकत होती?

एक इशारा दुसऱ्या बाजूलाही द्यायला हवा. रासायनिक औषधं अडली तर झाडपाल्याकडे वळा, आजोबा काय फवारत होते, असं म्हणणारेही त्याच टंचाईवर टाळ्या मिळवतात. निकोटीन झाडापासूनच येतं आणि कातडीतून शरीरात भिनून माणूस मारतं. डेरिस झाडाचंच, आणि मुळात ते मासे मारायला वापरत. झाडाचं म्हणून निर्धोक, हीदेखील न तपासलेली घाईच आहे.

मग पर्याय येतात कुठून? आपल्याच उसातलं उदाहरण आहे. २००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात उसावर पांढरा लोकरी मावा आला आणि पानं काळी पडू लागली. डोक्याहून उंच उसात फवारा मारणं अवघड, तरी औषधांची मागणी वाढत होती. त्याच वेळी शास्त्रज्ञांना आणि शेतकऱ्यांना दिसलं की डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक या माव्यावर जगतात. ते वाढवून, पानांसकट या शेतातून त्या शेतात नेऊन सोडले गेले, जिथे ते होते तिथे फवारणी थांबवायला सांगितलं गेलं, आणि मावा आटोक्यात आला. हे जमलं कारण कीटक ओळखणारी माणसं आधीपासून तयार होती. त्यांच्या पगाराची तरतूद कुठल्याशा शांत, कंटाळवाण्या अर्थसंकल्पात कधीतरी झाली होती.

म्हणून व्यासपीठावरच्या त्या वक्त्यांना माझं सांगणं आहे : टंचाईची वाट बघू नका, तिचं कौतुक तर मुळीच करू नका. भाव शांत असताना कीटकशास्त्राच्या रिकाम्या जागा भरा. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून, सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ पतंग आले तरच फवारणी करावी, हा सल्ला छापील पत्रकातून बांधापर्यंत पोचवा. मोजून फवारणाऱ्याला औषध कमी लागतं, आणि ज्याला कमी लागतं त्याला टंचाई कमी छळते. नवा पर्याय आलाच, तर तो कुणाच्या अंगावर उडेल, मातीत किती वर्षं राहील, हे दुकानात येण्याआधी विचारा. निकड कितीही असो, हा प्रश्न सोडायचा नाही.

आमचे अण्णा बोर्डो करताना मोरचूद एका ड्रममध्ये भिजवतात, चुना दुसऱ्यात. चुन्याच्या निवळीत मोरचुदाचं पाणी सावकाश ओतलं की आकाशी रंग येतो. मग ते लोखंडी विळा त्या पाण्यात थोडा वेळ धरतात. पात्यावर तांबूस थर चढला, तर मिश्रण आम्ल आहे, पानं करपतील. आणखी चुना घालायचा. पातं स्वच्छ निघालं तरच पंप भरायचा. पाऊस उतरलेला असतो, डाऊनी पानावर येऊ पाहत असतो, मजूर ताटकळत उभे असतात, आणि मीच कितीदा म्हटलंय, अण्णा, उशीर होतोय. अण्णा विळा बाहेर काढून उजेडात धरतात आणि पातं दोन्ही बाजूंनी बघतात.